लहान विद्यापीठात निर्णय कोणाचा, आवार कोणाचे?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या कारभाराबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक मुंबई, पुणे, नागपूर या मोठ्या विद्यापीठांपुरते असते. अधिसभेत कोणते पॅनेल निवडून आले, कुलगुरूपदासाठी कोणाची नावे पुढे आहेत, निकाल किती लांबले, या बातम्यांवरूनच आपण सगळ्या व्यवस्थेबद्दल मत बनवतो. पण राज्यात वेगळ्या जातकुळीची सार्वजनिक विद्यापीठेही आहेत. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. जुनी महाविद्यालये एकत्र आणून मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ही समूह विद्यापीठे झाली. शेजारी गोव्यात १९८५ पासून गोवा विद्यापीठ आहे, एका छोट्या राज्याची महाविद्यालये सांभाळणारे.

या विद्यापीठांच्या कारभारात शिक्षकांचा वाटा किती असावा आणि त्यांच्या आवाराचे नियोजन कोणी करावे, हे दोन प्रश्न आजवर वेगवेगळ्या टेबलांवर राहिले. पहिला शिक्षक संघटनांच्या ठरावांत दिसतो, दुसरा बांधकामाच्या फायलींत. हा आढावा घेताना माझे मत असे होत गेले की लहान विद्यापीठात हे प्रश्न सुटे काढताच येत नाहीत. तिथे शिक्षक मोजके असतात, जागा भरपूर असते किंवा मुळीच नसते, आणि एकदा चुकीच्या ठिकाणी उभी राहिलेली इमारत पुढच्या दोन पिढ्यांना वापरावी लागते.

मागची वाट

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. अधिसभेतले फेलो सरकार नेमत असे आणि ते तहहयात असत. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने फेलोंची संख्या मर्यादित केली, मुदत पाच वर्षांवर आणली, थोड्या जागा निवडणुकीने भरायची सोय केली, पण बहुसंख्य जागा नामनिर्देशनाच्याच ठेवल्या. व्हाइसरॉय कर्झनच्या या विधेयकाला गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे मंडळात ठाम विरोध केला होता. विद्यापीठे सरकारच्या खात्यासारखी होतील ही त्यांची भीती होती, तर अधिसभा अवाढव्य आणि निष्क्रिय झाली आहे हे सरकारचे म्हणणे होते. आजच्या वादातले दोन्ही सूर तेव्हाच लागलेले दिसतात.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे स्वतः शिकवू लागली, पदव्युत्तर विभाग वाढले, आणि शिक्षक हा कारभारातला घटक म्हणून पुढे आला. साठच्या दशकाअखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठांच्या कारभारावर समिती नेमली. गजेंद्रगडकर तेव्हा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. शिक्षकांबरोबर विद्यार्थ्यांच्या सहभागाचाही गांभीर्याने विचार या समितीने केला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये प्रत्येक विद्यापीठासाठी नवे कायदे झाले आणि १९९४ मध्ये ते सगळे मोडून एकच समान कायदा आला. पुढे डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या समित्यांनी उच्च शिक्षणाच्या फेररचनेवर अहवाल दिले. त्या मंथनातून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ तयार झाला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला.

आजची मांडणी

या कायद्यात तीन मुख्य प्राधिकरणे आहेत. अधिसभेकडे आर्थिक अंदाज आणि अर्थसंकल्पीय तरतुदी आहेत, व्यवस्थापन परिषदेकडे कार्यकारी निर्णय आणि धोरण, विद्या परिषदेकडे शैक्षणिक बाबी. अधिसभेत संलग्न महाविद्यालयांचे दहा शिक्षक, दहा प्राचार्य, दहा नोंदणीकृत पदवीधर आणि संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी निवडून येतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतून फक्त तीन शिक्षक निवडले जातात. दहा सदस्य कुलपती नामनिर्देशित करतात. हे ‘दहा आणि तीन’ ध्यानात ठेवावे लागेल.

सर्वात मोठा बदल अधिष्ठात्यांच्या बाबतीत झाला. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता निवडून येत असे. आता विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत, आणि अधिष्ठाता पूर्णवेळ, पगारी, निवड समितीमार्फत नेमला जाणारा अधिकारी झाला आहे. त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली असते. प्र-कुलगुरूंचेही तसेच. अभ्यास मंडळांतही निवडून येणाऱ्यांचा वाटा घटला आणि कुलगुरूंनी नेमलेल्यांचा वाढला.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. तिच्यात उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची आणि कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारला अधिक वाव देण्याची तरतूद होती. ती अमलात आलीच नाही. सत्ताबदलानंतर २०२२ मध्ये सरकारने ती मागे घेण्याचा निर्णय केला. या वादाचा धुरळा फार उडाला, पण तो राजभवन आणि मंत्रालय यांच्यातला होता. लहान विद्यापीठातल्या विभागप्रमुखाच्या टेबलावर त्याने काही बदलले नसते.

निवडणूक की नामनिर्देशन

निवडणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांत शिक्षक संघटना आघाडीवर आहेत. राज्य पातळीवर एमफुक्टो, विभागांत नुटा, सुटा, बुक्टू अशा संघटनांनी निवडून येणाऱ्या प्रतिनिधित्वाचा आग्रह सातत्याने धरला. त्यांचे म्हणणे साधे आहे: जो नेमला जातो तो नेमणाऱ्याकडे बघतो, जो निवडून येतो तो मतदारांना उत्तर देतो. अधिष्ठात्याची मुदत कुलगुरूंशी जोडली की विद्या परिषदेत कुलगुरूंना विरोध करण्याचे बळ उरत नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीचाही या भूमिकेला आधार आहे. शैक्षणिक मंडळांवरच्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्य निवडण्याचा हक्क उच्च शिक्षणातील अध्यापकांना असावा, असे तीत म्हटले आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही झटकून टाकण्यासारखे नाही. निवडणुका पॅनेलच्या होतात, पॅनेलमागे संस्थाचालक किंवा पक्ष असतात, आणि अभ्यास मंडळावर विषयातल्या जाणकारापेक्षा मते जमवणारा बसतो, हा अनुभव अनेक प्राध्यापकांनी घेतला आहे. त्यातून निवडणुका वेळेवर होतीलच असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक २०२३ मध्ये ऐनवेळी थांबली आणि २०२४ च्या सप्टेंबरात पार पडली. विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकांची तरतूद कायद्यात आहे, पण त्या लांबणीवरच पडत गेल्या. पूर्णवेळ अधिष्ठाता असला तर चार विद्याशाखांचे काम रोजच्या रोज बघणारा कोणीतरी असतो, हा या मांडणीचा खरा फायदा आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने तिसरी दिशा दाखवली आहे. त्यात प्रत्येक संस्थेला स्वतःचे नियामक मंडळ असावे, ते बाहेरच्या हस्तक्षेपापासून मुक्त आणि जाणकारांचे असावे, अशी कल्पना आहे. तिचे समर्थक म्हणतात की छोट्या मंडळामुळे निर्णय लवकर होतात आणि जबाबदारी कोणाची ते कळते. विरोधक विचारतात की पहिले मंडळ नेमणार कोण, आणि त्यात शिक्षक किती. धोरणाच्या मजकुरात या दुसऱ्या प्रश्नाला पुरेसे नेमके उत्तर मला दिसत नाही.

माणसेच नसतील तर

वरचा सगळा वाद एक गोष्ट गृहीत धरतो: निवडायला किंवा नेमायला पुरेसे शिक्षक आहेत. लहान विद्यापीठात तेच गृहीत ढासळते.

एखाद्या पदव्युत्तर विभागाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मंजूर पदे चार किंवा पाच. त्यातली एक-दोन भरलेली, बाकी रिक्त. बिंदुनामावली तपासून घेणे, वित्त विभागाची संमती, जाहिरात, निवड समिती, या पायऱ्यांत वर्षे जातात, आणि मधेच भरतीवर निर्बंध आले की सगळे पहिल्यापासून. तोवर वर्ग चालवतात तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी शिक्षक. तेच प्रात्यक्षिके घेतात, तेच प्रकल्प तपासतात, विद्यार्थी शंका घेऊन त्यांच्याकडेच जातात. पण मतदारयादीत त्यांचे नाव नसते, कारण कायद्याच्या लेखी शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक. विभागात एकच कायम प्राध्यापक असेल तर तोच विभागप्रमुख, तोच अभ्यास मंडळावर, तोच परीक्षेच्या आणि मूल्यांकनाच्या कामावर, आणि इमारतीच्या बैठकीचे पत्र आले तर तिथेही तोच जाणार. त्याला नकाशा नीट बघायला वेळ नसतो. यात त्याचा दोष नाही.

विद्या परिषदेच्या जागांना दीर्घ अनुभवाची अट आहे आणि काही जागा आरक्षित प्रवर्गांसाठी आणि महिलांसाठी राखीव आहेत. ही राखीव तरतूद हवीच. पण जिथे पंधरावीस वर्षे भरतीच तुरळक झाली तिथे अट पुरी करणारा उमेदवार मिळणे कठीण होते, मग जागा रिकामी राहते किंवा बिनविरोध भरते. मोठ्या विद्यापीठासाठी बेतलेला सांगाडा लहान विद्यापीठावर जसाच्या तसा चढवला की असे होते. १९९४ चा समान कायदा करताना विद्यापीठा-विद्यापीठांतला भेदभाव संपवणे हा हेतू चांगला होता. आकारमानाचा विचार मात्र त्यात मागे पडला आणि २०१६ मध्येही पुढे आला नाही. या चर्चेतली ही सर्वात मोठी उणीव आहे असे मला वाटते.

आवाराचे नियोजन

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना आवार कसे मिळाले याचा इतिहास बघितला तर नियोजनापेक्षा योगच जास्त दिसतो. पुणे विद्यापीठाला १९४९ मध्ये गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान आणि त्याभोवतीचा परिसर मिळाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला १९६२ मध्ये सागरमाळाचे उघडे माळरान मिळाले. जळगावच्या विद्यापीठाने १९९० नंतर गिरणेकाठच्या उजाड टेकाडांवर सुरुवात केली आणि जलसंधारण, वृक्षलागवड यांतून तो परिसर हिरवा केला. सोलापूरचे विद्यापीठ शिवाजी विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्रातून वाढले. पुणे महामार्गावर केगावला त्याचे ४८२ एकरांचे आवार आहे.

आता कायद्यातली एक विसंगती बघा. नवी महाविद्यालये कुठे असावीत यासाठी विद्यापीठाला दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा करावा लागतो. तो कसा करायचा, कोणाकडे जायचा, याची तपशीलवार कलमे आहेत, आणि त्याला वर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची चौकट आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवाराच्या आराखड्याला इतकी काटेकोर, सहभागाची हमी देणारी प्रक्रिया नाही. इमारत समिती, वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद, निविदा, या वाटेने काम पुढे सरकते. ही वाट पैशाच्या हिशोबासाठी आखलेली आहे, आणि हिशोबाच्या दृष्टीने ती बरीच चोख आहे. या खोलीत बसणाऱ्यांना काय हवे, हा प्रश्न तिच्यात कोणी विचारलाच पाहिजे असे नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊ. विभाग मागणीपत्र देतो: दोन प्रयोगशाळा, एक उपकरण कक्ष, एक भांडार. विद्यापीठाचा अभियंता त्याचे चौरस फुटांत रूपांतर करतो. वास्तुविशारद नकाशा काढतो, अंदाजपत्रक होते. निधी कमी पडला की आधी कात्री लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना: धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटांची नळवाहिनी, आम्लयुक्त सांडपाण्याची वेगळी टाकी, उपकरणांसाठी स्वतंत्र वीजवाहिनी. दर्शनी कमान आणि पोर्च टिकून राहतात. सोलापूरसारख्या ठिकाणी पश्चिमेकडे मोठ्या काचा ठेवल्या तर एप्रिल-मे मध्ये दुपारी चारला त्या खोलीत प्रात्यक्षिक घेणे अशक्य होते. तिथे दहा वर्षे काम केलेला प्रयोगशाळा परिचरसुद्धा हे पहिल्या बैठकीत सांगू शकला असता. वापरणारा बैठकीत येतो तो बहुधा उद्घाटनाच्या आधी, फर्निचर कुठे ठेवायचे ते ठरवायला.

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. रूसा आणि नंतर पीएम-उषा यांसारख्या केंद्राच्या योजनांतून येणारा निधी मुदतीत खर्च करावा लागतो. उशीर झाला तर पैसा परत जातो आणि पुढचा हप्ता अडतो. प्रत्येक विभागाशी सविस्तर चर्चा करत बसलो तर इमारतच होणार नाही, हे कुलसचिव आणि अभियंता सांगतात तेव्हा त्यामागे अनुभव असतो. शिवाय प्रत्येक विभागाला स्वतःची इमारत हवी असते, आणि सामाईक ग्रंथालय किंवा वसतिगृह कोणाच्याच मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर नसते. सगळ्यांचे ऐकून आवार घडत नाही, त्याला एक नजर लागते, हे म्हणणे चुकीचे नाही. अडचण इतकीच, की कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, अधिष्ठात्यांची तिलाच बांधलेली, परिषदांचीही पाच वर्षांची. ती एक नजर दर पाच वर्षांनी बदलते आणि मागच्यांचा आराखडा कपाटात जातो.

बाहेरचे दोन दाखले

अमेरिकेत १९६६ मध्ये अध्यापकांची, अध्यक्षांची आणि नियामक मंडळांची अशा तीन संघटनांनी मिळून विद्यापीठांच्या कारभारावर एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम आणि अध्यापक-निवड यांत शिक्षकांचा शब्द प्रमुख, पण इमारती आणि इतर भौतिक साधनांच्या निर्णयांतही त्यांचा सहभाग हवा, ही त्यातली भूमिका. म्हणजे आवार हा शैक्षणिक प्रश्न आहे हे तिथे तत्त्व म्हणून मान्य झाले.

ते प्रत्यक्षात आणण्याचा सर्वात धाडसी प्रयत्न ओरेगन राज्याच्या युजीन इथल्या सार्वजनिक विद्यापीठाने केला. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काम केले आणि १९७५ मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कायमचा पक्का नकाशा काढायचाच नाही, असे त्यांनी ठरवले. त्याऐवजी काही सामाईक तत्त्वे मान्य करायची, प्रत्येक इमारत तिच्या वापरकर्त्यांच्या गटाने वास्तुविशारदाबरोबर बसून घडवायची, मोठ्या एका कामापेक्षा लहान अनेक कामांना पैसा द्यायचा, आणि दरवर्षी आवाराचे निदान करायचे: कोणत्या जागा जिवंत आहेत, कोणत्या ओस पडल्या आहेत, याचा नकाशा. वापरकर्त्यांच्या गटांची पद्धत त्या विद्यापीठात रुजली. मोठ्या देणग्या आणि अवाढव्य इमारती आल्या तसे लहान टप्प्यांचे तत्त्व मागे पडले, ही टीकाही तिथे झाली.

आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही. वापरकर्त्यांचा गट करायला कायम शिक्षक लागतात, आणि गाडी पुन्हा रिक्त पदांवर येते. पण दरवर्षीच्या निदानाला ना नवा कायदा लागतो ना मोठा निधी. कंत्राटी शिक्षक, परिचर, वसतिगृहातले विद्यार्थी हे सगळे त्यात येऊ शकतात, कारण ती निवडणूक नसते. लहान विद्यापीठाला मोठ्यापेक्षा हे सोपे जावे.

आवार म्हणजे काय, हाच प्रश्न

काही विद्यापीठांनी आवाराची कल्पनाच बदलायला लावली आहे. होमी भाभा विद्यापीठात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय एकत्र आले. एल्फिन्स्टनची काळा घोड्याजवळची इमारत मुंबईच्या जागतिक वारसा परिसरात येते. तिथे नियोजन म्हणजे जपणूक आणि जागेची वाटणी. वेगवेगळ्या परंपरांच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी एक विद्या परिषद म्हणून कसे वागायचे, हा कारभाराचा प्रश्नही त्याच भिंतींत आहे.

गडचिरोलीचा प्रश्न आणखी वेगळा. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली. वनजमीन घ्यायची तर वन संवर्धन कायद्याची परवानगी, शेतजमीन घ्यायची तर शेतकऱ्यांची संमती आणि मोबदला, अनुसूचित क्षेत्र असेल तर ग्रामसभेशी सल्लामसलत. गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून वर्ग थेट गावात नेले. गावातच पदवीचे शिक्षण मिळत असेल तर मध्यवर्ती आवार किती मोठे हवे, हा प्रश्न तिथे रास्तपणे उभा राहतो. दुसऱ्या बाजूने, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय गावोगाव नेता येत नाही, आणि चांगले आवार मिळण्याचा हक्क गडचिरोलीच्या विद्यार्थ्यालाही आहेच.

जमिनीच्या बाबतीत स्थानिकांना डावलले तर काय होते ते गोव्यात दिसले. आयआयटी ही केंद्राची संस्था; तिचे वर्ग २०१६ पासून फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरू लागले. कायमच्या आवारासाठी सत्तरीतल्या शेळ-मेळावलीची जागा निवडली, ग्रामस्थांनी तीव्र आंदोलन केले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ती जागा सोडली. आवाराच्या नियोजनात शिक्षक आणि प्रशासन यांच्यापलीकडे गाव हा तिसरा पक्ष आहे, आणि विद्यापीठ कायद्यात त्याला जागा नाही.

काय सुटलेले नाही

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मत द्यायचे का, हा पहिला अडलेला प्रश्न. दिले तर वर्षागणिक बदलणाऱ्या, नेमणुकीसाठी प्रशासनावर अवलंबून असलेल्या माणसांच्या मतावर दबाव येईल, ही भीती संघटनांनाही वाटू शकते. न दिले तर वर्ग प्रत्यक्ष चालवणाऱ्यांशिवाय कारभार होतो. निदान विभागाच्या पातळीवर त्यांना बोलण्याचा अधिकार असावा, हे मला किमान वाटते. पदे भरणे हाच खरा उपाय आहे.

दुसरा प्रश्न संस्था विकास आराखड्याचा. नियामक मंडळ, शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी मिळून तो करावा असे राष्ट्रीय धोरण म्हणते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही दिली. हा आराखडा आवाराच्या नकाशाशी आणि अर्थसंकल्पाशी बांधला गेला तर पाच वर्षांनी नजर बदलण्याचा दोष काहीसा कमी होईल. स्वतंत्र कागद म्हणून राहिला तर तो मूल्यांकनाच्या फायलीत जाईल.

तिसरा प्रश्न सर्वात मोठा आहे आणि त्यावर सर्वात कमी बोलले जाते. संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची, असे २०२० चे धोरण सांगते. महाविद्यालये स्वायत्त होत गेली तर लहान विद्यापीठाकडे उरतील त्याचे स्वतःचे विभाग आणि स्वतःचे आवार. अधिसभेची आजची रचना मात्र महाविद्यालयांचे दहा शिक्षक आणि विद्यापीठाचे तीन अशी आहे. हे प्रमाण कधी आणि कोणी बदलायचे, आणि तोवर त्या तीन जागांवर बसायला केगावात किंवा गडचिरोलीत पुरेसे कायम शिक्षक असतील का, याचा विचार २०३५ च्या बराच आधी सुरू व्हायला हवा.